वन्सं, तुमच्या कागदावर उमेशची सही

वन्सं, तुम्ही जाऊन महिना होत आला आणि तुमचा भाचा उमेश अजून देवळाच्या रस्त्याने जात नाही. तुयेच्या कारखान्यात जायला तोच रस्ता जवळचा, तरी हा माणूस स्कूटर वळवून शेतांच्या बाजूने, खड्ड्यांतून धडपडत जातो. मी विचारलं तर म्हणाला, देवळाकडे गटाराचं काम काढलंय. मी स्वतः जाऊन बघून आले. कसलंही काम काढलेलं नाही.

तुम्ही असतात तर त्याला समोर बसवून दोन प्रश्नांत त्याच्या पोटातलं बाहेर काढलं असतंत. तुमच्यापुढे या घरात कुणाचं खोटं टिकलं नाही. तुमच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचंही नाही. मला ते जमत नाही. मी नुसती उमेशच्या ताटात भात वाढत राहिले आणि वाट बघत राहिले. परवा तो आपण होऊन बोलला. काय बोलला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण सांगणार ते सुरुवातीपासून, कारण सुरुवात तुम्ही केलीत.

मी सुर्ल्याची. लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा माझ्या ट्रंकेवर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ बसलेली होती. सासरच्या माणसांसमोर ती ट्रंक उघडायची मला लाज वाटत होती. तुम्ही काही न बोलता ओला फडका आणलात आणि ती लख्ख पुसून काढलीत. वर म्हणालात, “धूळ बरी गो शाले. पुसली की जाता. हयची माणसां पुसान जायत नाय.” नणंद म्हणून तुमचा धाक होताच, तो शेवटपर्यंत होता. पण या घरात मला पहिल्यांदा हसवलं ते तुम्ही, आणि त्या दिवसापासून मी तुमच्या बाजूची झाले.

स्वभाव मात्र भांडकुदळ. गोवा वेगळं राज्य व्हायच्या आधी भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा तुम्ही मराठीच्या बाजूला, तुमचा भाऊ कोकणीच्या. एकाच चुलीवरचं जेवून दोघं पावसाळाभर एकमेकांशी बोलला नाहीत. मी मधली टपालवाली. “तुझ्या घोवाक सांग, जनेल बंद कर म्हणान,” असं तुम्ही म्हणायचात. खिडकी त्याच्याच हाताशी असायची, शब्द न् शब्द त्याला ऐकू जायचा, तरी मी सांगेपर्यंत तो उठायचा नाही. भांडण मराठी की कोकणी याचं, आणि दोघंही भांडत होतात एकाच बोलीत. हे मी एकदा बोलून दाखवलं तर दोघंही माझ्यावरच उखडलात.

असल्या बाईला मी एकदाच गप्प झालेलं पाहिलं. थोरले भावजी, म्हणजे उमेशचे वडील, इस्पितळात मशीनवर होते तेव्हा. घशात नळी, डोळे उघडे, आणि ते नळी ओढतात म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले. भेटायची वेळ झाली की तुम्ही आत जायचात, पट्टी सैल करून त्यांची मनगटं चोळत बसायचात. वेळ संपली की नर्स येऊन पुन्हा बांधायची. यातून काही निघणार नाही, घरच्यांनी विचार करावा, असं डॉक्टरांनी हळूच सुचवलं होतं. उमेशने त्याच्या पद्धतीने विचार केला. तो गावात गेला आणि देवाला पाकळी लावली.

आपल्याकडे घर बांधायचं असो, मुलगी द्यायची असो, ऑपरेशन करायचं असो, आधी देवाला विचारायचं. गुरव गाऱ्हाणं घालतो, ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, आणि सगळे हात जोडून बघत राहतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवाने दिलेलं कुणी मोडत नाही. निदान आपल्या घरात कुणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. बाबांना मशीनवर ठेवू काय, असं उमेशने विचारलं आणि उजवी पडली. मग भावजी तसेच राहिले, हात बांधलेले, महिन्याच्या वर. गेले तेव्हा त्यांच्या मनगटांवर पट्टीचे काळे वळ होते. ते तुम्ही पाहिलेत आणि उमेशनेही पाहिले.

भावजींचं सगळं आटपल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठलंत. “शाले, माझे हात कोणी बांधूचे नाय.” मला वाटलं दुःखाच्या भरात बोलताय. पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही कापडी पिशवी काखेत मारून कचेऱ्या हिंडायला लागलात.

घरातल्या वाट्याचा कागद सोपा होता. आपल्या गोव्याचा कायदा पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचा. मूलबाळ असेल तर अर्ध्याच्या वर कुणाला आपल्या मर्जीने देता येत नाही. तुमचं ना लग्न ना मूल, आईवडीलही नाहीत, त्यामुळे सब-रजिस्ट्रारपुढे बसून तुम्ही आपला सगळा वाटा उमेशच्या नावे लिहून दिलात. त्याच कायद्याने नवऱ्याच्या वाट्यातला अर्धा बायकोचा, म्हणून मला वर चिडवलंत, “तुका काय भय? तुझा अर्धा लग्नाच्याच दिवशी तुझा झाला.” मेल्यानंतरचं सगळं लिहून ठेवायची सोय होती. मरताना काय करायचं आणि काय करायचं नाही, याचा कागद मात्र कुणाला ठाऊक नव्हता. एका कचेरीतला कारकून म्हणाला, “बाई, मरणाचो दाखलो मेल्या उपरांत मेळटा.” तुम्ही त्याला म्हणालात, “माका दाखलो नको. माका बरा मरण होया.” सुरुवातीला त्या कागदावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणे, तिथे तर आपण दारापर्यंत जाऊन परत आलो. मग नियम सुटसुटीत झाला, नोटरीपुढे केला तरी चालेल असं ठरलं. ती बातमी तुम्ही पेपरातून कापून फ्रिजवर चिकटवलीत. पाहुणे विचारायचे, लॉटरी लागली काय? तुम्ही म्हणायचात, तसाच समजा.

डिचोलीच्या वकिलाने कागद इंग्रजीत केला, तुम्ही तो परत पाठवलात. मराठीत पाहिजे. तो म्हणाला, डॉक्टरांना वाचता येणार नाही. “मरतलंय मी, डॉक्टर नाय,” तुम्ही म्हणालात. शेवटी दोन्ही भाषांत झाला. तुमचा धाकटा भाऊ हयात असता तर त्याने कोकणीतला तिसरा करायला लावला असता, असं मी म्हटलं, तेव्हा भावजी गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही पूर्वीसारख्या हसलात. कागदात लिहिलेलं अगदी थोडं होतं. बरी होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर मला मशीनवर ठेवू नये. ठेवलं असेल तर काढावं. वेदना होऊ देऊ नयेत. माझे हात बांधू नयेत. हे शेवटचं वाक्य वकिलाला नको होतं, कायद्याच्या कागदात असलं लिहीत नाहीत म्हणाला. तुम्ही ते घालायला लावलंत.

साक्षीदार मात्र मिळेनात. वाडीवरची माणसं तुमच्या हातचं खाऊन गेलेली, अडीनडीला तुमच्याकडेच धावणारी. पण कागद कसला ते कळलं की प्रत्येकाला काही ना काही काम निघायचं. शेजारचे मास्तर तर उघडच म्हणाले, “जित्या माणसाच्या मरणार सही? ना गो बाय. मरण आयकता.” त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. शेवटी आपल्या मागच्या खोलीत राहणारा कोल्हापूरचा भाडेकरू पुढे झाला. “सही करायची न्हवं? करतो की आजी, त्यात काय भ्यायचंय?” दुसरी सही त्याच्या बेळगावच्या जोडीदाराची. नोटरीकडून परत येताना तुम्ही खुशीत होतात. वाटेत पोदेराच्या बेकरीत थांबून गरम उंडे पाव घेतलेत आणि घरी येईपर्यंत एक चालता चालता खाल्लातही.

थोड्याच दिवसांत तो कोल्हापूरचा भाडेकरू मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा हात मोडला. ज्या हाताने सही केली तोच. वाडीवर मोठ्याने कुणी काही बोललं नाही, पण नळावरच्या बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या. तुम्ही त्याच्यासाठी पेज घेऊन गेलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “कागदान पडाक नाय तो. मोबायलार बोलत होतो म्हणान पडलो.” मला तेव्हा हसू आलं होतं. आता तो प्रसंग आठवला की हसू येत नाही.

कागदाची एक प्रत पंचायतीत द्यायची होती. तिथे असा कागद कधी आलेलाच नव्हता. ठेवायचा कुठे, ते कुणाला कळेना. शेवटी तो मृत्यूच्या नोंदी ठेवायच्या कपाटात गेला. तुम्ही माझ्या शेजारी जिवंत उभ्या, आणि तुमचं नाव त्या कपाटात. मी म्हटलं, दुसरीकडे ठेवायला सांगू या. तुम्ही म्हणालात, “बरा झाला, जागा राखान ठेवली.” मी मात्र घरी येऊन देवापुढे दिवा लावला. तुम्हाला सांगितलं नाही, नाहीतर चिडवून हैराण केलं असतंत.

आपलं खरं भांडण झालं ते नावांवरून. तुमच्या वतीने डॉक्टरांना होकार कुणी द्यायचा, त्याचं नाव कागदात घालावं लागतं. मी म्हटलं, माझं एकटीचं घाला, मी तुमचे हात बांधू देणार नाही. तुम्ही आधी उमेशचं घातलंत, मग माझं, आणि खाली लिहिलंत की दोघांचीही संमती पाहिजे. “घरात दादलो असताना तेचा नाव पयला,” तुम्ही म्हणालात. देवाच्या पालखीचा पहिला खांदा आपल्या घराचा, तो उमेश देतो. लग्नपत्रिकेपासून देवळाच्या पावतीपर्यंत सगळीकडे त्याचं नाव आधी. इथे त्याला वगळलं तर घरच्या पुरुषाला डावललं असं वाडीवर बोललं जाईल. आणि आई गेल्यावर ज्याला तुम्ही पाळण्यापासून वाढवलंत, त्याच्या मनाला ते लागेल. मी म्हटलं, वन्सं, तो सही करायच्या आधी देवळात जाईल. भावजींच्या वेळी गेला तसाच. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “जाऊ दी.”

एवढंच. पुढे मी विषय काढला की मला परसातून मिरच्या आणायला पाठवायचात. आयुष्यभर कचेरीतल्या माणसांशी शब्दाशब्दाला भांडलेली बाई, मराठीतल्या कागदासाठी वकिलाला दोनदा हेलपाटे घालायला लावणारी बाई, आणि पुरुषाचा मान राखायचा म्हणून आपली सगळी खटपट एका पाकळीवर सोडून मोकळी झाली! मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मग तो दिवस आला. सकाळी तुम्ही मागच्या अंगणात आमसुलं वाळत घालत होतात. मोपाच्या सड्यावरल्या विमानतळावरून विमान उठलं आणि आपल्या घरावरून गेलं. विमान गेलं की तुम्ही नेहमी वर बघून ओरडायचात, “गेला! आमचा तिकीट अजून येवक नाय!” त्या दिवशी तुमचा आवाज आला नाही. मी हातातलं टाकून बाहेर आले, तर तुम्ही सुपाशेजारी आडव्या होतात. तोंड वाकडं झालेलं, बोटं आमसुलांनी लाल.

रुग्णवाहिका, इस्पितळ, धावाधाव. तुमचा श्वास अडकत होता, डॉक्टरांनी नळी घातली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं काम ते होतं, आणि कागद तेव्हा घरातल्या कपाटात होता. उमेश तो घेऊन येईपर्यंत मशीन सुरू झालं होतं. तुम्हाला शुद्ध नव्हती, पण एक हात आपोआप हलत होता, नळीकडे जात होता. म्हणून दोन्ही हात पांढऱ्या पट्टीने कठड्याला बांधलेले. मी ते बघितलं. उमेश माझ्या मागे उभा होता. त्यानेही बघितलं, आणि तोंड फिरवून बाहेर गेला.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी कागद पूर्ण वाचला. मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय, आता शुद्ध यायची नाही, म्हणाल्या. पुढची रीतही नीट समजावली. आधी इस्पितळातल्या डॉक्टरांची समिती बघणार, मग बाहेरच्या डॉक्टराला बोलावून दुसरी समिती. दोन्हींचं एकमत झालं की कागदातल्या दोघांच्या सह्या. मग मॅजिस्ट्रेटना कळवायचं आणि मशीन काढायचं. समित्या झाल्या. दोन्हींचं म्हणणं एकच पडलं. मी माझी सही केली आणि पेन उमेशपुढे धरलं. त्याने हात मागे घेतला.

“देवाक विचारल्याबगर मी सही करूचंय नाय, काकी.”

“अरे, आतेनच लिवन ठेवलला असा मरे! तिचा मरण, तिचो शब्द.”

“बाबांच्या वेळार विचारलंय. आतेच्या वेळार नको?”

“बाबांच्या वेळार विचारून काय मेळला तुका? बघितलंस मरे तेंचे हात?”

हे मी फार मोठ्याने बोलले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उमेश अंघोळ करून, ओल्या केसांनीच स्कूटर घेऊन गावाला गेला.

तो गेल्यावर मी तुमच्याजवळ बसले. पट्टी थोडी सैल करून तुमची मनगटं चोळली, तुम्ही भावजींची चोळायचात तशी. आत थंडी होती आणि मशीन एका लयीत फुसफुसत होतं. सगळं लिहिलेलं होतं, सगळं कायद्याने बरोबर होतं, मोठमोठ्या डॉक्टरांनी मान्य केलं होतं. आणि तरी तिकडे गावात एक ओली पाकळी कुठल्या बाजूला सुटते, त्यावर तुमचे हात सुटणार की नाही ते ठरणार होतं. मी देवाला मानणारी बाई. पण त्या सकाळी मला त्याची भीती वाटली, नुसती भीती. उमेश या वेळी ‘मशीन काढू काय’ असं विचारणार होता; मी देवाला सांगत होते, उजवी दे, एवढी एक उजवी दे. तुमच्या कानाशीच पुटपुटत होते. तुम्हाला ऐकू येत असेल तर राग आला असेल.

दुपारी तो आला. देवळातून आला की दरवेळी त्याच्या कपाळाला गंध असतं, शर्टाच्या खिशात प्रसादाचं फूल असतं. त्या दिवशी दोन्ही नव्हतं. माझ्याकडे न बघता तो सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे गेला आणि म्हणाला, “खय करूची सही?” केली. अक्षरं नेहमीपेक्षा मोठी आली. “देव पावलो,” मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे रडायला लागले. तो बाहेर जाऊन बाकावर बसला.

मशीन काढायच्या आधी नर्स पट्ट्या सोडायला आली. उमेशने ते काम तिच्याकडून मागून घेतलं. गाठी घट्ट होत्या, त्याने नखांनी सोडवल्या. मग तुमचा हात दोन्ही हातांत धरून बसला. नळी काढल्यावर थोडा वेळ तुम्ही तुमच्या तुम्ही श्वास घेतलात, हळूहळू, गाढ झोपल्यासारखा. शेवटचा कुठला ते मला कळलंच नाही. त्याला कळलं. वन्सं, तुमचा चेहरा शांत होता. भावजींचा तसा नव्हता. हात मोकळे, मनगटांवर नुसती पुसट खूण. त्यासाठी मी त्या कागदाची ऋणी आहे, त्या डॉक्टरीणबाईंची आहे, आणि तुमच्या हट्टाची तर आहेच. तुमच्यासारखं मरण मला आलं तर मी तक्रार करणार नाही.

पण तिथेच सगळं संपलं नाही.

अग्नी उमेशने दिला. त्याच्या बायकोला, स्नेहाला, तेव्हा आठवा महिना लागलेला. बायको अशी अवघडलेली असताना नवऱ्याने अग्नी देऊ नये, अशी कुजबुज स्मशानातून वाडीपर्यंत आली. पण दुसरं होतं कोण? सुतक फिटल्यावर सोमवारी पालखी निघाली. ढोल वाजायला लागले तरी उमेश उठला नाही, पाठदुखीचं निमित्त करून आडवा पडून राहिला. आपल्या घराचा पहिला खांदा त्या दिवशी दुसऱ्या घरच्या माणसाने दिला. दुसऱ्या दिवशी गुरव आला. मी बस म्हटलं, बसला नाही. अंगणात उभा राहिला, कपडे वाळत घालणाऱ्या स्नेहाकडे थोडा वेळ बघितलं, आणि पाणीही न पिता निघून गेला. त्याचं ते बघणं मला आवडलं नाही.

परवा दुपारी स्नेहा आत झोपली होती. मी मागच्या अंगणात बसले होते. उमेश येऊन पायरीवर टेकला.

“काकी, देवान डावी दिली.”

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

“आतेचा मशीन काढू काय म्हणान विचारलंय. डावी. गुरव म्हणालो, मन थाऱ्यार ठेव आणि परत विचार. परत विचारलंय. परत डावीच.”

“मगे सही कित्याक केलंस?”

तो मातीकडे बघत होता. “येतना वाटेर बाबांचे हात दिसाक लागले. तेव्हा मी देवाचा आयकलंय आणि बाबांचे हात बांधून ठेवलंय. आतेचे बांधून ठेवूक माझ्याच्यान झाला नाय.” मग अगदी हळू म्हणाला, “माका काय झाला तर होऊ दी, काकी. पण स्नेहाच्या पोटात असा, तेका...”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्यासारखं बोलून बघितलं, अरे, पाकळी ओली होती, वाऱ्याने सुटली असेल. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं की माझाही त्यावर विश्वास नाही.

वन्सं, मला त्याचा अभिमान वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या या घरात कुणी केलं नाही ते त्याने तुमच्यासाठी केलं, आणि कुणाला सांगितलं नाही, तुमच्या मरणाला डाग लागेल म्हणून. आणि मला तुमचा राग येतो. “जाऊ दी” म्हणालात तेव्हा तुमच्या मनात काय होतं? तो देवाचं मोडून तुमचे हात सोडवील, हे तुम्हाला ठाऊक होतं? की नुसता मान राखलात आणि पुढचा विचारच केला नाहीत? माझं एकटीचं नाव घातलं असतंत तर ही पाकळी लागलीच नसती. हे भांडण मला तुमच्याशी समोरासमोर करायचं होतं, आणि तुम्ही मला मिरच्या आणायला पाठवत राहिलात.

आज सकाळी स्नेहा माझ्याजवळ आली. तिला यातलं काही ठाऊक नाही. म्हणाली, “काकी, बाळंतपण माहेरी करूया काय हय, देवाक विचारून येशात? हे काय देवळात जायत नाय.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे उभी राहू? आणि त्याने काय दिलं ते घरी येऊन सांगू कशी? रात्रीच्या भाताचं आधण ठेवलंय, ते केव्हाचं उकळतंय, आणि मी इथे लिहीत बसलेय.

तुम्ही देवाला मानत होतात की नाही, ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही. पण तुम्ही आता आहात तिथे तोही असणारच. माझं एवढं करा, वन्सं. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहा. त्याला सांगा, कागद माझा, हट्ट माझा, नाव घातलं तेही मीच, पोराने फक्त माझे हात सोडवले. काय धरायचं ते माझ्यावर धर. तो ऐकणार नाही, तर भांडा. लवकर करा. स्नेहाचे दिवस भरत आलेत.